एका बादलीत मावणारी वाकळ: उरल्यासुरल्या कापडातून कुत्र्या-मांजरांसाठी

आमच्या भुऱ्या कुत्र्यासाठी शिवलेली पहिली वाकळ, म्हणजे गोधडी, सात थरांची होती. खाली जुनेर, मध्ये दोन चादरी आणि एक लोकरीचा स्वेटर, वर ओटीत आलेल्या ब्लाउजपीसचे रंगीत चौकोन. इतकी देखणी झाली की मावशी म्हणाली, "माणसाला पांघरू दे की गं, कुत्र्याला काहून?" आषाढात ती पहिल्यांदा धुवायला काढली तेव्हा काय करून बसलो ते कळलं. बादलीत मावेना, भिजल्यावर दोघींना उचलेना, पाच बादल्या पाणी ओतलं तरी साबण निघेना. तीन दिवस वाळत घातली तरी आतून ओलीच. चौथ्या दिवशी तिला असा कुबट वास सुटला की भुऱ्यानं ती हुंगली, शिंकला आणि बारदानावर जाऊन झोपला.

लातूरकरांना पाण्याचं वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते हे शहर. दर आठवड्याला धुवायची वस्तू पाच बादल्या पाणी पीत असेल, तर ती दोनदा धुतली जाते आणि तिसऱ्यांदा माळ्यावर जाते. म्हणून आता कात्री हातात घेण्याआधी मी बादलीकडे बघते. शिवून झालेल्या वाकळेची घडी वीस लिटरच्या बादलीत निम्म्यापर्यंतच यायला हवी. माप, थर, टाके हे सगळं त्यावरून ठरवायचं. मोठी एक शिवण्यापेक्षा लहान दोन शिवा, म्हणजे एक दोरीवर असताना दुसरी जनावराखाली असते.

माप

जनावर झोपलेलं असताना मोजा. मांजर अंगाचं मुटकुळं करून झोपतं, त्याला दोन विती बाय दोन विती, म्हणजे साधारण ४५ बाय ४५ सेंटिमीटर भरपूर होतं. कुत्र्याचं नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचं अंतर घ्या आणि त्यात एक वीत मिळवा. लहान चणीच्या कुत्र्याला ६० बाय ७५, आपल्या गावठी कुत्र्याला ७५ बाय ९० पुरतं. मात्र ७५ बाय ९० च्या पुढे जाऊ नका, बादली आठवा.

याला अपवाद कारवानी कुत्र्याचा. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. उंच, सडपातळ, अंगावर चरबी जवळजवळ नाहीच आणि केस आखूड. असं कुत्रं फरशीवर झोपलं की कोपरांना घट्टे पडतात आणि थंडी थेट हाडात शिरते. त्याला ९० बाय १२० लागते. ती एकसंध शिवण्यापेक्षा ९० बाय ६० च्या दोन शिवून शेजारी शेजारी अंथराव्यात.

कातरण कुठून आणायची आणि त्यातली कोणती ठेवायची

घरात बघायला गेलं तर कापडाला तोटा नसतो. लग्नातल्या आहेराच्या टॉवेल-टोप्या, ओटीतले ब्लाउजपीस, कॉलर विरलेले शर्ट, उसवलेल्या उशांचे अभ्रे. याउप्पर लागलं तर शिंप्याकडे जा. शाळा सुरू होण्याआधी गणवेशांची, लग्नसराईत ब्लाउज-अस्तरांची आणि दिवाळीआधी सगळ्याचीच कातरण पोत्यानं निघते. माझा शिंपी ती फुकट देतो, फक्त "निवडत बसू नका, पोतं उचला" एवढीच त्याची अट असते.

पोतं घरी आलं की पहिलं काम लोहचुंबकाचं. जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून कातरणीतून दोन-तीनदा फिरवा. टाचण्या, मोडक्या सुया, हूक चिकटून वर येतात. माझ्या एका पोत्यातून अकरा टाचण्या निघाल्या होत्या. त्यानंतरही प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपायचा, कारण पितळी हूक आणि प्लास्टिकचं बटण चुंबकाला दाद देत नाही.

मग कापडाची निवड. वरच्या आणि खालच्या बाजूला घट्ट विणीचं सुती कापड हवं: पॉपलीन, शर्टिंग, जुनी चादर, मऊ पडलेली जीन्स. टॉवेलच्या फासांत मांजराची नखं अडकतात, म्हणून टॉवेल आत घाला, वर कधीच नको. नायलॉन, जॉर्जेट, चकाकतं सॅटिन बाजूला काढा. त्यात घाम-पाणी शोषलं जात नाही आणि आपल्या उन्हाळ्यात ते तव्यासारखं तापतं.

तुकडा सुती आहे की नाही ते हाताला कळत नसेल तर जाळून बघा. चिमट्यात बोटभर धागा धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मागे मऊ राखाडी राख राहते. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि गार झाल्यावर काळा टणक मणी उरतो. केस जळल्याचा वास आला तर ते रेशीम किंवा लोकर. गणवेशाचं टेरीकॉट दोन्ही गुण दाखवतं. ते टिकायला चांगलं, खालच्या बाजूला चालतं.

आता काढून टाकायच्या गोष्टी, आणि इथे मी अजिबात सवलत देणार नाही. जर, टिकल्या, आरसे, लेस, मणी, बटणं, चेन, इलॅस्टिक, काठाचे सुटे धागे, सगळं कापून टाका. पैठणीचा काठ कितीही जीव लावण्यासारखा असला तरी तो तुमच्या पिशवीला लावा. कारण साधं आहे. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे एकदा जिभेवर आलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आत-आतच जातो. पोटात लांब दोरा गेला की आतडं त्याच्याभोवती चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि चिरूही शकतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका, तसंच मांजर उचलून पशुवैद्याकडे न्या. वाकळेला चार कोपऱ्यांना गोंडे लावायची हौस असते, त्यांचीही इथे रजा.

निवडलेले तुकडे शिवण्याआधी धुवायचेच. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आटलेलं असतं. दोन्ही एकत्र शिवून नंतर धुतलं तर वाकळ पापडासारखी वाकडी होते. लाल, निळ्या, गडद हिरव्या तुकड्यांना ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. रंग उतरला तर ते कापड वेगळं भिजवा, दोन-तीन पाण्यांनंतरही सुटत राहिलं तर सोडून द्या. जनावर वाकळ चाटतंच.

चौकोन कापणं आणि जोडणं

६० बाय ७५ ची वाकळ धरून हिशेब सांगते. १५ सेंटिमीटरचे चौकोन, आडवे चार आणि उभे पाच, म्हणजे एकूण वीस. चारी बाजूंनी एक-एक सेंटिमीटर माया (शिवणीत जाणारी जादा कड) धरून चौकोन १७ सेंटिमीटरचा कापायचा. जाड पुठ्ठ्याचा १७ चा साचा करा, त्यावरून खडूनं किंवा साबणाच्या वडीनं आखा. उभ्या-आडव्या धाग्याला धरून आखा, उरेब, म्हणजे तिरका कापलेला तुकडा ओढला की ताणतो आणि शेजारच्यालाही वाकडं करतो.

वीसही तुकडे फरशीवर मांडून बघा. रंगसंगतीचा मला फार सोस नाही, कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीटसा कळतही नाही. पण जाड तुकडे एका बाजूला आणि पातळ दुसऱ्या बाजूला असं होऊ देऊ नका. जीन्सचा तुकडा काठाला नको, मध्ये घ्या, म्हणजे गोट (कडेची पट्टी) लावताना सुई अडणार नाही.

आधी चार-चारच्या पाच ओळी जोडा. उलट्या बाजूनं इस्त्री फिरवताना पहिल्या ओळीची माया डावीकडे, दुसरीची उजवीकडे, तिसरीची पुन्हा डावीकडे वळवा. मग ओळीला ओळ जोडताना जोडावर कापडाचा गठ्ठा होत नाही. पायमशीन असेल तर जीन्ससाठी सोळा नंबरची सुई, नेहमीच्या सुतीला चौदा नंबरची.

मशीन नसेल तर जोडाजोडी पूर्ण गाळा. आजीची रीत वापरा: खालच्या थरांवर कोपऱ्यापासून तुकडे मांडत जायचं, प्रत्येक तुकड्याची कड बोटभर आत दुमडून शेजारच्या तुकड्यावर चढवायची आणि सगळे थर एकदमच धावदोऱ्यात घ्यायचे. यात चौकोन सारखे असायची गरज नाही, त्यामुळे कातरणीतला आडवातिडवा तुकडाही वाया जात नाही. मला स्वतःला हीच रीत आवडते. मशीनची बेतशीर दिसते एवढंच.

थर

हिवाळ्याची वाकळ पाच थरांची: वर चौकोनांचा पदर, खाली चादरीचा तुकडा, मध्ये लुगड्याचे तीन थर. किंवा लुगड्याच्या तीन थरांऐवजी आहेरातला एक टॉवेल. उन्हाळ्यासाठी वर-खाली आणि मध्ये एकच थर, बस. घासून विरलेला भाग सोडला तरी एका नऊवारीतून ६५ बाय ८० चे सात-आठ थर सहज निघतात, म्हणजे दोन वाकळांची सोय. आतले थर वरच्या पदरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर मोठे ठेवा, टाके घालताना वरचा पदर सरकतो.

कापूस भरू नका. आपल्याकडे कापूस पिकतो म्हणून हात शिवशिवतो खरा, पण पिंजलेला कापूस धुतल्यावर गोळे धरतो आणि आतून वाळत नाही. बारीक चिंध्या कोंबून गादी करणंही तसंच. चिंध्या एका कोपऱ्यात जमा होतात आणि कुत्र्याला भोक सापडलं की घरभर दिवाळी.

एका थरात घरच्या माणसाचा नेहमी अंगावरचा जुना सदरा किंवा परकराचा तुकडा घाला, आणि फक्त तो न धुता घाला. नव्या वाकळेवर जनावर पटकन बसत नाही, ओळखीचा वास आला की बसतं. दोन-चार धुण्यांत तो वास जातो, पण तोवर तिच्यात त्याचा स्वतःचा वास मुरलेला असतो.

टाके

थर सपाट जमिनीवर अंथरा आणि हातानं मधून कडेकडे सुरकुत्या सारा. मग मधल्या बिंदूपासून चारी दिशांना कच्चे टाके घाला, लांबलांब, बोटभर अंतराचे. हा टप्पा गाळला की काय होतं ते सांगते. आपल्याकडची जुनी पद्धत कडेनं सुरू करून फेऱ्या घेत मध्यावर यायची. कच्चे टाके नसतील तर प्रत्येक फेरीबरोबर थोडं-थोडं कापड आत सरकत जातं आणि शेवटी मध्ये एक फुगा उभा राहतो. आजीच्या हाताला तो ताण माहीत होता, तिला कच्च्या टाक्याची गरज पडायची नाही. आपल्याला पडते.

आता मुख्य टाका, म्हणजे धावदोरा. माणसाच्या वाकळेला लांब टाके शोभतात, जनावराच्या वाकळेला ते धोक्याचे. लांब टाक्याखाली नख शिरतं, जनावर हिसडा देतं, आणि एक तर दोरा तुटतो नाही तर नख. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, चार-पाच मिलिमीटरचा ठेवा. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर, साधारण तीन सेंटिमीटर. टाके जितके जवळ तितकं धुताना कापड एकजीव राहतं आणि वाळायलाही बरं पडतं.

दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका, गुंतत बसतो. सुती जाड दोरा दुहेरी घ्या आणि मेणबत्तीवरून एकदा ओढा. गाठ वर दिसायला नको. सुई दोन थरांमधून घालून गाठ हलकेच ओढली की ती आत अडकून बसते. दर वितीला एक उलट टाका घ्या, म्हणजे दोरा एखाद्या ठिकाणी तुटला तरी सगळी ओळ उसवत नाही. पाच थरांतून साधी सुई जात नसेल तर वाकळेची मोठी सुई आणि बोटात अंगुस्तान. दाभणानं भोकं पाडू नका, भोक मोठं राहतं आणि दोरा सैल पडतो.

मशीनवर करायचं तर टाक्याची लांबी तीन मिलिमीटर ठेवा आणि मधल्या ओळीपासून सुरू करून बाहेर जा. तीन-चार ओळींनंतर खालची बाजू उलटून बघत राहा. सुईखाली मागची चादर दुमडून शिवली गेली तर सगळं उसवण्याइतकं वाईट काम नाही.

आजी वाकळ पुरी होताना शेवटच्या फटीत भाकरीचा कण ठेवायची, "तिचं पोट भरलं" म्हणायची. कुत्र्याच्या वाकळेत तसं केलंत तर ती सकाळपर्यंत टिकणार नाही.

गोट

टाके पुरे झाल्यावर चारी कडा सरळ छाटा. कोपऱ्यावर वाटी उपडी ठेवून गोलाई आखा आणि तेवढा कोपरा कापा. टोकदार कोपरा पिल्लाच्या तोंडात बरोबर बसतो, गोल कोपरा निसटतो. गोलाईवर बसण्यासाठी गोटाची पट्टी मात्र उरेब कापावी लागते, आठ सेंटिमीटर रुंद. ६० बाय ७५ च्या वाकळेला घेर २७० सेंटिमीटर, जोडासाठी १५ धरून २८५ ची पट्टी करा. घट्ट विणीचंच कापड घ्या, कारण चावा सगळ्यात आधी इथेच पडतो. वरून टीप मारा, पट्टी मागे वळवून कड आत दुमडा आणि लहान टाक्यांनी हातशिलाई करा. त्यावर आणखी एक धावदोऱ्याची फेरी घेतली तर उत्तमच.

शेवटी कच्चे टाके उसवा आणि उसवलेला प्रत्येक धागा मोजून उचला. वाकळेवरून चुंबक पुन्हा फिरवा. सुई हरवली असेल तर ती सापडेपर्यंत वाकळ जनावराला द्यायची नाही. ही अट मी स्वतःसाठीही पाळते, एकदा पूर्ण ओळ उसवावी लागली होती.

पिल्लं

कुत्र्याचे दुधाचे दात पडून नवे येतात तो काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून सहाव्यापर्यंतचा. या दिवसांत पिल्लाला वाकळ देऊ नका, समोर बसून देणार असाल तर गोष्ट वेगळी. साधा टॉवेल टाका, फाडला तर फाडला. नुकत्याच व्यालेल्या कुत्रीखाली किंवा मांजरीखाली वाकळ टाकायची तर टाके दाट असलेलीच हवी. सैल थरांच्या मध्ये किंवा दुमडीत आंधळं पिल्लू शिरतं आणि आई नकळत वर बसते.

धुणं आणि वाळवणं

आधी कोरडीच झटका आणि ओल्या रबरी हातमोज्यानं केस एका दिशेनं ओढून काढा. केस पाण्यात गेले की कापडाला चिकटून बसतात आणि पाणी दुप्पट लागतं. मग एका बादलीत कमी फेसाची थोडी पावडर, अर्धा तास भिजवणं, पायांनी तुडवणं आणि दोन पाण्यांत खळबळणं. दुसऱ्या खळबळीचं पाणी पुढच्या भिजवणीला ठेवा. पिसवा असतील तर शुद्ध सुती वाकळेवर उकळतं पाणी ओता आणि त्याच दिवशी जनावर झोपतं ती जागाही झाडून पुसून घ्या. पिसवांची अंडी फटीत असतात, नुसती वाकळ धुऊन भागत नाही. गोचिडांसाठी वाकळेवर पावडर भुरभुरवू नका, जनावर ती चाटतं. औषध पशुवैद्याला विचारून जनावराला करा.

फिनाईल आणि पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकं मांजराच्या वाकळेला लावू नका, मांजराच्या शरीराला ती पचत नाहीत. घडी कपाटात ठेवताना डांबरगोळ्याही नकोत, त्या कुत्र्यालाही विषारी. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवला तर वापरायला काढताना नीट झटका.

वाळत घालायला दोरी किंवा गच्ची. कुंपणावर टाकलेल्या वाकळेत कुसळं आणि सराटे शिरतात आणि मग ते पंजात, कानात जातात. चैत्र-वैशाखात लवकर कडकडीत वाळते. पावसाळ्यात पंख्याखाली, दोन खुर्च्यांवर पसरून वाळवा. आतला थर ओला आहे का ते वाकळ गालाला लावून कळतं, हाताला कळत नाही.

कधी, कुठे

शिवायचं काम दिवाळीनंतर काढलंत तर येळवशीपर्यंत (मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येपर्यंत) दोन वाकळा आरामात होतात. तोवर थंडी पडलेली असते. परभणीकडे तर पारा एक आकडी होतो. येळवशीला शेतात जाताना आम्ही भुऱ्याची वाकळही नेतो, आंबील-भज्जी होईस्तोवर तो कोपीत, म्हणजे खोपटात, तिच्यावर पडून असतो.

फरशीवर थेट टाकण्यापेक्षा खाली बारदान घाला. म्हाताऱ्या जनावराला लघवी आवरत नसेल तर वाकळेखाली तांदळाची धुतलेली प्लास्टिकची पिशवी पसरा, पण ती वाकळेत शिवू नका. सुईच्या भोकांतून पाणी मुरतंच आणि पिशवीचे धागे सुटतात. खताचं पोतं कितीही धुतलं तरी नको. उन्हाळ्यात कुत्रं वाकळ सोडून मोरीजवळच्या गार फरशीवर गेलं तर वाईट वाटून घेऊ नका, घडी करून ठेवा.

गल्लीतल्या कुत्र्यांसाठी वाकळा वाटायची इच्छा होते, पण उघड्यावर कापडाचा उपयोग कमी. दव पडलं, पाऊस आला की ओली वाकळ अंगातली ऊब उलट ओढून घेते. त्यांच्यासाठी आडोशाला खोकं आणि त्यात गव्हाचं कोरडं काड चांगलं. कडबा नको, टोचतो. वाकळ द्यायचीच असेल तर ज्या घराच्या ओट्यावर ते कुत्रं झोपतं, त्या घरच्यांच्या हातात द्या. म्हणजे सकाळी उचलणारं कुणीतरी असतं.

ठिगळ

भोक दिसलं की त्याच दिवशी ठिगळ. भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठा तुकडा घ्या, कडा आत दुमडा आणि सगळ्या थरांतून टाका घ्या. नुसतं वरच्या पदराला ठिगळ लावलं की जनावर ते एका दुपारीत उचकटतं. एकाच जागी तिसरं ठिगळ यायची वेळ आली तर ती वाकळ थांबवा. गोट आणि खालची चादर बहुधा धड असते, ती काढून पुढच्या वाकळेत घाला. मधल्या थरांची पायपुसणी होतात. भुऱ्याच्या तिसऱ्या वाकळेच्या पाठीला अजून त्या सात थरांच्या पहिल्या वाकळेतली चादर आहे, आणि मावशी ती दोरीवर दिसली की अजूनही विचारते, "ही माणसाची का कुत्र्याची?"